थोरलीचं पाणी

१

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी सासूबाई चुलीपाशी मक्याचं पीठ ढवळत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "थोरलीला पाणी घातलंस का?"

मला वाटलं, गाय. म्हणून गोठ्यात गेले. गोठ्यात एकुलती एक गाय, जोयाना, पाणी पिऊन नाक चाटत उभी होती. परत आले आणि म्हटलं, "प्यायलीये ती, आई."

"गायीचं कोण म्हणतंय?" त्यांनी हातातला लाकडी दांडा खिडकीकडे रोखला. दांड्यावरून पिवळं पीठ टपकलं. "ती."

ती म्हणजे फरचं झाड. आमच्या खोलीच्या खिडकीसमोर, भिंतीला जवळजवळ चिकटून उभं. खालपासून वरपर्यंत काळपट हिरवं, जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांचा घेर, आणि शेंडा छपराच्या वर.

झाडाला थोरली म्हणणाऱ्या सासूचं मला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं. मी रोपवाटिकेत वाढलेली मुलगी. खाली खोऱ्यात, वालेनीला, माझे बाबा वनखात्याची रोपं वाढवतात, आणि शाळेत जायच्या आधीपासून फरची रोपं या वाफ्यातून त्या वाफ्यात हलवणं हाच माझा खेळ. घरासमोर फर लावू नये, असं बाबा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. "हौस असेल तर लांब लावा. लहान आहे तोवर देखणं दिसतं, मोठं झालं की तेच घराचं मालक होतं." हे झाड इतक्या जवळ कोणी लावलं असेल, असा विचार तेव्हा मनात आला. पण नव्या सुनेने दुसऱ्याच दिवशी सासरच्या चुका काढू नयेत, एवढी अक्कल होती.

सासूबाईंनी सगळं नीट समजावून दिलं. सावूचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शर्ट भिजवले की साबण लावायच्या आधीचं पाणी तिला. मुळाशी राख टाकायची नाही, शेण नाही, फक्त सालीचा भुगा आणि तिचीच गळलेली पानं. खालच्या फांद्यांना कात्री लावायची नाही. "तो तिचा परकर आहे," त्या म्हणाल्या.

फरची निगा म्हणून हे सगळं बरोबर होतं. एक शर्टांचं पाणी सोडून.

मला बघायला आल्या होत्या तेव्हाही त्यांनी असंच विचारलं होतं. स्वयंपाकाचं नाही, विणकामाचं नाही. आमच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "वसंतातल्या गोठलेल्या दहिवराने फरचा शेंडा जळाला, तर काय करशील गं?"

मी म्हटलं, "वाट बघेन. बाजूचे दोन कोंब वर वळतात. त्यातला सरळ असेल तो ठेवायचा, दुसरा खुडायचा. ठेवलेल्याला काठी बांधायची."

"आणि तिला मारायचं असेल तर?"

बाबा हसले. मीही हसले. "सोपं आहे. मुळाशी चुना. एकदम कळत नाही, आतून पिवळी पडत जाते."

सासूबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या होत्या. माझी आई तर फारच खूश, कारण स्वयंपाक मला येत नाही. आणि मी? मला वाटलं, एवढ्या डोंगरावरून ही बाई माझी हुशारी बघायला आली. किती मूर्ख असतो आपण, कोणी आपल्याच विषयातलं विचारलं की.

२

सावू हसरा माणूस. पोयेनीत्सा गावात त्याच्याइतकं हसवणारं कोणी नाही. अंगणातच बसून छपरांच्या लाकडी फळ्या तासतो, गावभरचे लोक फळ्या न्यायला येतात आणि उगाच तासभर थांबतात. मला तो 'सालवी' म्हणतो. माझं नाव सालविना, पण त्याला तेवढा धीर नाही.

आमच्या खोलीत मात्र भर दुपारी दिवा लावावा लागे. खिडकीतून उजेड येत नसे, नुसतं हिरवं येई. पलंग हिरवा, भिंती हिरव्या, नवऱ्याचं तोंड हिरवं. काचेवर फांदी घासायची. वारा असला की घासायचीच, पण वारा पडला की जास्त. मी स्वतःशी कारण काढलं, की ऊन चढलं की फांद्या दवाचं ओझं झटकून वर उचलल्या जातात. खरं आहे ते, बाबांनीच दाखवलं होतं. मला कारणं काढायची सवय आहे.

अंथरुणात पानं सापडत. फरचं पान चपटं असतं, खालून दोन पांढऱ्या रेघा. बुटाला चिकटून येत असतील, म्हटलं. पण बुटाला चिकटतं ते गळलेलं, तांबडं पान. ही हिरवी होती, ताजी, चुरडली की संत्र्याच्या सालीसारखा वास येणारी. आणि पलंगाच्या माझ्याच बाजूला. मी झाडून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सावू बसतो त्या खुर्चीखालची फरशी ओली असे. हेही बुटांचं, म्हटलं. पण मग कडक उन्हाळा आला, सावू अनवाणी फिरायला लागला, तरी फरशी ओलीच. मी फडकं घेऊन पुसत राहिले.

आमच्या लग्नातली त्याची अंगठी महिन्याभरातच घट्ट झाली. बोट सुजलं, शेवटी कानशीने कापून काढावी लागली. बोटावर खोल वळ राहिला. इतका खोल की माझ्या अंगठीने एवढ्यात तो पडणं शक्य नव्हतं. जुना वळ होता तो.

"आधी कोणाची घातली होतीस?" मी थट्टेत विचारलं.

"राजकन्येची," तो म्हणाला. "पण ती फार उंच होती, मला मुका घ्यायला शिडी लागायची."

मी हसले. मला लाज वाटते आता, पण हसले.

आणि मांडवपरतणीला आम्ही माझ्या माहेरी गेलो, तेव्हाचं. आईने डुकराच्या मटणाचा, कोबीच्या पानांचा बेत केला होता. सावू जेवला, काकांबरोबर आलुबुखाराची दारू प्यायला, सगळ्यांना हसवलं. सकाळी उठले तर अंथरूण रिकामं आणि गादी चिंब. काका म्हणाले, "नवरदेवाला झेपली नाही वाटतं." सगळे खो-खो हसले. सावू डोंगर चढून पहाटेच घरी पोचला होता. मी पोचले तेव्हा झाडाखाली फळ्या तासत बसलेला. "नव्या जागी मला झोप येत नाही गं," म्हणाला.

माझ्या माहेरच्यांनी तेव्हा आणखी एक आठवण काढली. आमच्याकडे नवरदेवाची माणसं नवरीच्या दारात फरचं झाड सजवून आणतात, रिबिनी, सफरचंदं, पाव लटकवून. आमच्या लग्नात ते आलंच नाही. काकांनी विचारलं होतं, "काय हो, तुमच्याकडचं जंगल संपलं का?" आणि सावूकडची सगळी माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली होती.

"आमच्या घरात पद्धत नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या.

३

उजेडासाठी शेवटी मीच तोंड उघडलं. जेवताना.

"ती खिडकीवरची एक फांदी काढली तर खोलीत जरा दिसेल."

सासूबाईंचा चमचा थांबला. "कुणाची फांदी?"

"झाडाची."

"दिवा लाव की," सावू म्हणाला. "दिवा कशासाठी असतो?"

"दुपारी बारा वाजता?"

"मग! भर दुपारी दिवा जाळणारं गावातलं एकच घर. लोक म्हणतील, काय श्रीमंत आहेत."

"मी थट्टा करत नाहीये, सावू."

"बाईमाणूस असून," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "दुसरीचा परकर फेडायला निघालीस?"

मी गप्प बसणारी आहे, सगळे म्हणतात. गप्प बसणाऱ्या माणसाचा राग कुठे जातो हे कोणी विचारत नाही. माझा हातात गेला. रविवारी दोघं चर्चकडे गेले. चर्च परसामागच्या चढावरच आहे. सासूबाई आत बसतात, सावू कधीच आत जात नाही, बाहेरच्या बाकावर ऊन खात बसतो. गाण्याचा आवाज सुरू झाला तशी मी त्याची करवत काढली आणि खिडकीवरची फांदी बुडापासून कापली. व्यवस्थित कापली. आधी खालून खाच, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. रागातही मला काम वेडंवाकडं करता येत नाही.

डिंक हाताला लागला. झाडाने काही केलं नाही. झाड होतं ते.

मग मी खोलीत गेले. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे ऊन आलं होतं. पलंगावर, पेटीवर, आणि पलीकडच्या भिंतीवर, जिच्याकडे पाठ करून सावू झोपतो.

भिंतीवर ओल होती. डोक्यापासून टाचेपर्यंत एका कुशीवर झोपलेल्या माणसाएवढी. खांदा ओळखू येत होता, गुडघ्याचं वळण ओळखू येत होतं. मी म्हटलं, झाडामुळे भिंत ओल धरते. पण झाडाकडची भिंत कोरडी होती. ही आतली भिंत, पलीकडे चूल. मी हात लावला. चुलीमागच्या भिंतीला हात लावला आणि बोटं थंडीने बधिर झाली. ऐन ऑगस्टात.

ते परत आले. सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माती कालवली, कापलेल्या जागी लिंपली. मग घरात जाऊन माझी पेटी उघडली आणि माझा पांढरा रुमाल आणला. लग्नात नवरीची ओढणी काढून डोक्याला बांधतात तो, एकदाच बांधतात तो, आता तू कोणाची तरी बायको झालीस हे सांगणारा. माझ्या आईने कडेला लाल टाके घातले होते. तो त्यांनी त्या खुंटाला बांधला. घट्ट, दोन गाठी मारून, हनुवटीखाली बांधतात तसा.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

"आधी तिचा," सासूबाई म्हणाल्या.

सावू माझ्याकडे न बघता खोलीत गेला आणि त्याने खिडकीला घोंगडी लावली. "ऊन लागतं गं," एवढंच म्हणाला.

४

शेजारच्या नस्ताकाकू कुंपणापाशी आलुबुखार निवडत बसल्या होत्या. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काकू, माझ्या लग्नाचा रुमाल त्या झाडाला का बांधलाय?"

काकूंनी आधी आमच्या अंगणात डोकावून बघितलं. मग कपाळाला हात लावला. "अगं बाई! तुला सांगितलंच नाही?"

"काय सांगायचंय?"

"तुमच्या दारात फर आणलं नाही, तेव्हाच तुझ्या बापाने खोदून विचारायला हवं होतं."

"विचारलं. पद्धत नाही म्हणाल्या."

"पद्धत नाही कशी! एकाच नवऱ्याला दोनदा आणायची पद्धत नाही, एवढंच."

पुढचं अर्धं मला ठाऊकच होतं, आमच्या खोऱ्यातही तेच चालतं. कोणी लग्नाआधी गेलं की त्याला तसंच एकटं धाडत नाहीत. गडी डोंगरावर जातात, फरच्या झाडाची माफी मागतात, ते कापतात, जमिनीला टेकू न देता खाली आणतात. बाया त्याच्याकडे तोंड करून गातात. रिबिनी बांधून थडग्याच्या उशाशी रोवतात. मुलगा असेल तर ती त्याची नवरी. त्याला कोणी पाणी घालत नाही. वाळतं, आपोआप पडतं, आणि दोघं मिळून जातात.

"बरीच वर्षं झाली, सावूची टोळी वर लाकडं तोडायला गेली होती," काकू म्हणाल्या. "हिमकडा कोसळला. खोपी, माणसं, सगळं खाली. बर्फ वितळेपर्यंत कोणी सापडणार नव्हतं, म्हणून रिकाम्याच थडग्यांवर सगळं केलं. घरोघरी फर कापली. वेता म्हणाली," वेता म्हणजे माझ्या सासूबाई, "म्हणाली, रिकाम्या खड्ड्यासाठी मी हिला मारणार नाही. मुळासकट आणा. पाद्री ओरडला, गडी घाबरले, पण आईपुढे कोण बोलणार? मातीच्या गड्ड्यासकट आणली आणि सावूच्या खिडकीखाली लावली. कोवळ्या फांदीत अंगठी अडकवली. आता ती अंगठी बाहेरून दिसतसुद्धा नाही, लाकडाने गिळली."

मला सावूचं बोट आठवलं.

"मग?"

"मग बर्फ वितळलं. ज्यांची ज्यांची झाडं कापली होती, ते सगळे सापडले. सावू सापडला नाही."

"मग आला कुठून?"

काकूंनी हातातलं फळ उगाच फिरवलं. "वर्षश्राद्धाचं जेवण होतं. याच अंगणात बसलो होतो आम्ही सगळे, उकडलेल्या गव्हाचा कोलिवा वाढत होते. फाटकातून सावू आला. ओलाचिंब. बाकावर बसला आणि जेवला. दोनदा मागून घेतलं."

"स्वतःच्या श्राद्धाचं?"

"म्हणाला, आदल्या दिवशीच ट्रकवाल्याबरोबर पलीकडच्या जिल्ह्यात निघून गेलो होतो, कळवायचं राहिलं. आम्ही म्हटलं, बरं."

"पाऊस होता का त्या दिवशी?"

"नाही गं. ऊन होतं."

मी धावतच घरात गेले. भीतीने नाही. भीती नंतर आली. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्नात माझ्याबरोबर फेर धरून नाचलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की मी सवतीवर आलेय. आणि सवत कोण, तर जिला मी रोज सकाळी नवऱ्याच्या घामाचं पाणी पाजतेय ती!

"मला फसवलंत," मी सासूबाईंना म्हटलं.

त्या लोकर पिंजत होत्या. "काय खोटं बोलले मी?"

"कापून टाका तिला. जी पद्धत आहे ती करा. वाळू दे, पडू दे."

"सगळ्यांनी कापली होती," त्या म्हणाल्या. "कोणाचा पोरगा परत आला? सांग ना. त्या मारियोआराचे दोन होते, दोघंही फळीसारखे कडक सापडले. माझा आला. चालत आला. तुला काय वाटतं, कोणी आणला त्याला?"

"मग मला कशाला आणलंत?"

त्यांनी गुडघ्यावर हात चोळला. "पाय गेले माझे, पोरी. हिवाळ्यात तिच्यावरचं बर्फ झटकायला जमत नाही आता. मी गेल्यावर तिचं कोण करणार? सावूला काही कळत नाही झाडांतलं."

मला समजायला क्षणभर लागलं. शेंडा जळाला तर काय करशील गं?

"तुम्ही बायको बघायला आलाच नव्हतात," मी म्हटलं.

"बायको होती की त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि पिंजत राहिल्या.

५

सप्टेंबरातली कोरडी, लख्ख सकाळ होती. नस्ताकाकूंची घोडागाडी मागून आणली, माझी पेटी चढवली. सावू फळी तासत होता.

"मी वालेनीला चाललेय," मी म्हटलं. "कायमची. यायचं असेल तर चल. नाहीतर बस हिच्या सावलीत."

मला वाटलं, हसण्यावारी नेईल. त्याने रंधा खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाला, "चल."

एवढं सोपं. मला तर उलट राग आला, की एवढं सोपं होतं तर आधी का नाही? पण तो गाडीत चढून माझ्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लागला, आणि मनात म्हटलं, जिंकले. माझाच आहे हा.

सासूबाई फाटकात उभ्या होत्या. अडवलं नाही, रडल्या नाहीत. "ऊन आहे तोवर परत या," म्हणाल्या.

उतारावर सावू बडबडत होता. काकांची नक्कल, पाद्रीची नक्कल. खाली गेल्यावर बाबांच्या रोपवाटिकेतली फरची रोपं बघीन म्हणाला, "एवढ्या सगळ्या मेव्हण्या सांभाळीन." मी त्याला कोपराने ढोसलं. रस्ता वळत गेला की मागे वळून बघितलं तर झाडाचा शेंडा दिसत होता. आधी घरासकट, मग छपरावर नुसता शेंडा, मग टेकडीवर काळं टोक.

वाटेवरच्या लाकडी क्रूसापाशी वळण आहे. त्यानंतर शेंडा दिसेनासा झाला.

सावू एक गोष्ट सांगत होता, ती मध्येच सावकाश झाली. चावी उतरलेल्या खेळण्यासारखी. फळीवर काहीतरी टपकत होतं. मी खाली बघितलं. त्याच्या बाहीतून पाणी येत होतं. एक थेंब, मग धार. मांडवपरतणीला तो रात्रीपर्यंत टिकला होता, पण तेव्हा तिची फांदी शाबूत होती.

"सावू, हात दाखव."

"थंड आहे," तो म्हणाला.

उन्हाने माझी मान भाजत होती. घोडा थांबला. मी लगाम ओढला नव्हता. तो कान मागे पाडून उभा राहिला आणि पुढे पाऊल टाकेना.

"सालवी, ट्रकचं ना," सावू म्हणाला, "ट्रकचं मला काहीच आठवत नाही गं."

"मग काय आठवतं?"

"पांढरं. आणि कोणीतरी केसांना धरून वर ओढतंय. हळूहळू. खूप दिवस."

मी त्याच्याकडे वळले. बघायचं नव्हतं, पण माणूस बोलत असला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतोच. त्याचं तोंड उघडं होतं. ओठांच्या आत, दातांमागे, घशापर्यंत बर्फ ठासून भरलेलं होतं. घट्ट, निळसर, जुनं बर्फ, त्यात एक काटकी रुतलेली. ओठ हलत नव्हते, जीभ हलायला जागाच नव्हती.

आणि तो बोलत होता.

"वळव ना," सावू म्हणाला. माझाच सावू, त्याच्याच आवाजात, जरा ओशाळून, जसं एखादं माणूस शेगडीजवळची जागा मागतं. "थंडी वाजतेय गं मला."

मी गाडी वळवली. सगळ्यांना वाटतं मी घाबरून वळवली. मी ओरडत वळवली. घोड्याला चाबूक मारत, रस्ताभर तिला शिव्या देत, आईने कानात बोळे घातले असते अशा. अर्धी वाट गेल्यावर टेकडीवर काळं टोक दिसलं आणि शेजारून आवाज आला, "तर काय सांगत होतो मी? हां, पाद्री म्हणाला..." मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो हसत होता. ऐकू येत होतं.

सासूबाईंनी फाटक उघडं ठेवलं होतं आणि सूप गरम.

६

त्याला झाले तीन महिने. मी इथेच आहे. खाली बाबांना कळवलंय की सगळं ठीक आहे.

ओलं, जड बर्फ पडतं तेव्हा फांद्या लवतात, शेंडा मोडायची भीती असते. मी लांब दांड्याचा झाडू घेऊन बाहेर जाते आणि खालून वर, हलक्या हाताने झटकते. वरून खाली नाही, नाहीतर वरचं ओझं खालच्या फांद्यांवर पडतं. थंडी कडक पडायच्या आधी तिला भरपूर पाणी द्यावं लागतं. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही आणि हिरव्या झाडाची तहान हिवाळ्यातही चालूच असते. हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं, मी सांगितलं. माझ्यामुळे ती या वर्षी जास्त तजेलदार आहे. सगळं गाव म्हणतं. बाया रस्त्यात थांबून माझी विचारपूस करतात, आणि शेवटी न चुकता, "आणि थोरली कशी आहे?"

शेंड्याकडे शंकूही धरलेत, ऐन हिवाळ्यात. फरचे शंकू लोंबत नाहीत, मेणबत्त्यांसारखे उभे राहतात. इतक्या कमी वयाच्या झाडाला धरत नाहीत, बाबा विश्वास ठेवणार नाहीत. सासूबाई अंगणात उभ्या राहून ते बघत होत्या, आणि मग त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. मी झाडू त्यांच्या पायाशी आपटला आणि घरात गेले.

पण एक बदल झालाय. जेवताना पहिला वाडगा आता माझ्यापुढे येतो. सूप चांगलं झालंय का, विचारतात. परवा माझा रुमाल धुऊन, घडी करून पेटीवर ठेवलेला सापडला.

कारण मागच्या पडवीत चुन्याचं पोतं आहे. ईस्टरआधी भिंतींना द्यायला दरवर्षी आणतात, तेच. मी त्याला हात लावलेला नाही. फक्त एकदा, झाडू ठेवायला गेले असताना, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना आठवलं, आमच्या बाकावर बसून त्यांनी मला काय विचारलं होतं आणि मी हसत काय उत्तर दिलं होतं. दोघींना एकदमच आठवलं.

रोज सकाळी मी बादली भरते आणि पडवीतून अंगणात येते. सासूबाईंचा पिठातला दांडा थांबतो. खिडकीवरची घोंगडी बाजूला सरते. सावू उभा असतो, तळवा काचेला लावून. काच आतल्या बाजूने पाझरते, त्याच्या मनगटापासून खाली. तो हसतो. माझ्यावर प्रेम आहे त्याचं, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तो बादलीकडे बघतो. मग माझ्याकडे.

मी थोडा वेळ तशीच उभी राहते. त्यांना उभं ठेवते, तिघांनाही.

मग ओतते. आज पाणीच होतं.